प्राचीन नाण्यांची प्रतवारी: झीज, छाप आणि पृष्ठभाग वेगवेगळे का मोजतात?

गोदातीर

लिलावाच्या यादीत पश्चिम क्षत्रपांच्या (पश्चिम भारतात राज्य केलेल्या शक राजांच्या) एका चांदीच्या नाण्याखाली 'चॉइस व्हीएफ (व्हेरी फाइन, म्हणजे मध्यम झिजलेले), छाप ४/५, पृष्ठभाग ४/५' असे लिहिलेले असते आणि शेजारच्या नाण्याखाली 'मिंट स्टेट (जवळजवळ न झिजलेले), छाप २/५, पृष्ठभाग ३/५' असे. दुसऱ्याची श्रेणी वरची असूनही बोली पहिल्यावर चढते आणि नवख्या संग्राहकाला त्याचे कोडे पडते. हा धागा त्या कोड्यासाठी काढला आहे. ज्यांच्या हाताखालून अशी नाणी गेली आहेत त्यांनी भर घालावी आणि जिथे पटणार नाही तिथे जरूर आक्षेप घ्यावा.

आधुनिक नाण्यांसाठी जी १ ते ७० गुणांची पट्टी वापरतात, तिचे मूळ विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटांसाठी केलेल्या मांडणीत आहे. त्यामागची कल्पना किमतीची होती: १ गुणाच्या नाण्याला जी किंमत, तिच्या सत्तरपट किंमत ७० गुणांच्या नाण्याला. बाजारभाव बदलले, ते गणित केव्हाच मोडले, पट्टी मात्र टिकली. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांना ती बऱ्यापैकी लागू पडते, कारण तिथे चकती (ज्यावर नाणे पाडतात तो धातूचा कोरा तुकडा), ठसा आणि दाब जवळजवळ एकसारखे असतात आणि फरक उरतो तो मुख्यतः वापराने आलेल्या झिजेचा व ओरखड्यांचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या टांकसाळीत कारागीर खालच्या ठशावर चकती ठेवून, वरचा ठसा हाताने धरून त्यावर हातोडा घालत असे. चकती जराशी सरकली की अर्धा लेख बाहेर राही, घाव तिरका बसला की एका बाजूची नक्षी उठत नसे, आणि ठशाला तडा गेला तरी तो पुरता निकामी होईपर्यंत काम चालूच राही. एवढे होऊन ते नाणे शतकानुशतके मातीत पडून राहिले आणि वर आल्यावर कोणीतरी ते चिंचेने घासले, तर त्या सगळ्याचा हिशेब एका आकड्यात बसत नाही.

म्हणूनच नाणी तपासून, श्रेणीचे लेबल लावून प्लास्टिकच्या वेष्टनात बंद करून देणाऱ्या अमेरिकेतील एनजीसी या संस्थेने २००८ पासून प्राचीन नाण्यांसाठी जो विभाग चालवला आहे, तिथे सत्तरची पट्टी वापरत नाहीत. 'पुअर'पासून 'मिंट स्टेट'पर्यंतची शब्दांतली श्रेणी केवळ झिजेबद्दल बोलते. तिच्या जोडीला छापेला पाचपैकी गुण आणि पृष्ठभागाला पाचपैकी गुण वेगळे दिले जातात. ठसा कोरणाऱ्याची कला त्या प्रकारात विशेष उजवी असेल तर 'फाइन स्टाइल' अशी नोंद होते आणि नाणे एकूण नजरेत भरणारे असेल तर ताऱ्याचे चिन्ह मिळते. तेव्हा 'मिंट स्टेट, छाप २/५' याचा अर्थ एवढाच, की हे नाणे व्यवहारात फारसे फिरले नाही, पण टांकसाळीतून बाहेर पडतानाच ते अर्धेमुर्धे उठलेले होते.

परीक्षकाचे काम श्रेणीपासून सुरू होत नाही. आधी नाणे अस्सल आहे का, ते कोणत्या राजाचे व कोणत्या प्रकारचे आहे आणि त्याचे वजन त्या प्रकारच्या मर्यादेत बसते का, हे पाहिले जाते. नाणे कडेने धरून, एकाच बाजूने पडणाऱ्या तिरप्या प्रकाशात सावकाश फिरवतात, कारण समोरून येणाऱ्या प्रकाशात बारीक ओरखडे आणि घासकाम दडून जाते. ओतीव बनावट नाण्याच्या कडेवर साच्याच्या सांध्याची रेघ सापडू शकते, त्याच्या सपाट भागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत वाटतात. दोन नाण्यांवर एकच खोक एकाच जागी आढळली तर दोन्ही संशयास्पद ठरतात, कारण ठसा दोन नाण्यांना सामाईक असू शकतो, पण वापरात बसलेला टोला सामाईक असण्याचे काही कारण नाही.

खरी कसोटी लागते ती सपाट भाग पाहताना. क्षत्रप राजाचा गाल आणि कानावरचे केस सपाट दिसत असतील, तर ती झीज आहे की छाप उठलेली नाही? भिंगाखाली झिजलेला भाग गुळगुळीत दिसतो, त्याचा रंग भोवतालच्या खोलगट भागापेक्षा वेगळा असतो आणि सगळे उंचवटे थोडेथोडे, सारख्या प्रमाणात खाली आलेले असतात. छाप कमी बसली असेल तर त्या सपाट जागेत चकतीचा मूळ खरबरीतपणा शिल्लक असतो आणि शेजारची भुवई किंवा मिशी मात्र धारदार असते. अशा वेळी नाणे उलटून त्याच जागेच्या पाठीमागे काय आहे ते पाहावे. तिथे चैत्याचा (मागच्या बाजूवरच्या कमानींच्या डोंगरासारख्या चिन्हाचा) उंच भाग आलेला असेल तर उलगडा होतो, कारण दोन्ही बाजूंच्या ठशांत समोरासमोर खोल कोरीव काम आले की दोन्हींत भरायला धातू पुरत नाही. तिसरी शक्यता ठसाच झिजलेला असण्याची. तेव्हा नक्षी सगळीकडेच बोथट येते, पण पृष्ठभागावर चकाकी असते आणि कडेकडे धावणाऱ्या बारीक रेषा दिसतात. पहिला दोष श्रेणी खाली आणतो, उरलेले दोन छापेचे गुण कमी करतात.

न्यूजर्सीकर

उत्तम धागा. माझ्याकडे अथेन्सचे घुबडाचे टेट्राड्राख्म (चार द्राख्मांचे चांदीचे नाणे) आहे, इसवी सनपूर्व पाचव्या शतकातले, वजन १७ ग्रॅमच्या थोडे वर. त्याच्या लेबलवर श्रेणी 'चॉइस एक्सएफ' (एक्स्ट्रीमली फाइन, व्हीएफच्या वरची), छाप ४/५, पृष्ठभाग ३/५ आणि खाली 'चाचणीची खोच' अशी नोंद आहे. त्या काळी इजिप्त आणि पूर्वेकडच्या प्रदेशांत व्यापारी अशी नाणी छिन्नीने कापून पाहत, कारण आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा अशी फसवी नाणीही चालत असत. माझ्या नाण्यावर घुबडाच्या अगदी डोक्यावर खोच आहे आणि तिच्या तळाशीही चांदीच दिसते, म्हणजे नाणे त्या परीक्षेत उतरले. त्याची शिक्षा मात्र ते आजही भोगत आहे, कारण खोच नसलेले तसेच नाणे मला परवडले नसते.

छापेला पाचपैकी चार कसे मिळाले, याचे मला आधी आश्चर्य वाटले होते, कारण अथेनाच्या शिरस्त्राणाचा तुरा जवळजवळ पूर्ण बाहेर गेला आहे. पुढे अशी बरीच नाणी पाहिल्यावर कळले, की जाड आणि आखूड चकतीमुळे या प्रकारात तुरा सहसा बाहेरच जातो आणि तो पूर्ण आलेले नाणे हा अपवाद असतो. म्हणजे छापेचे गुण हे त्या प्रकारची नाणी सर्वसाधारणपणे कशी मिळतात, हे लक्षात घेऊन दिले जातात. गोदातीर यांनी हा मुद्दा क्षत्रपांच्या संदर्भात खुलासेवार मांडावा, अशी विनंती.

गोदातीर

विनंती मान्य. क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांचे वजन साधारण दोन ग्रॅम आणि व्यास जेमतेम दीड सेंटिमीटर. पुढच्या बाजूला राजाचे मुख आणि नंतरच्या राजांच्या नाण्यांवर मुखामागे शक संवताचे वर्ष असते. मागे चैत्य, चंद्र, सूर्य, खाली नागमोडी रेघ आणि भोवती राजाचे व त्याच्या बापाचे नाव सांगणारा ब्राह्मी लेख असतो. ठशाचा घेर बहुधा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे लेखाचा काही भाग कापला जातो आणि वर्षाच्या तीन अंकांपैकी एखादा अंक बाहेर जाणे ही नेहमीचीच गोष्ट आहे. या मालिकेचा इतिहास वर्षांवरून आणि बापलेकांच्या नावांवरून जुळवला गेला, त्यामुळे तिन्ही अंक स्वच्छ असलेले थोडे झिजलेले नाणे हे वर्ष नसलेल्या झळझळीत नाण्यापेक्षा अभ्यासकाला कितीतरी मोलाचे असते. श्रेणीत हा फरक दिसत नाही आणि छापेच्या गुणांतही तो पुसटच दिसतो. पहिल्या परिच्छेदातल्या बोलीचे रहस्य बऱ्याचदा इथे असते: त्या 'चॉइस व्हीएफ' नाण्यावर वर्ष पूर्ण असते.

संशयात्मा

माझा आक्षेप मूळ व्यवस्थेवरच आहे. पाचपैकी तीन की चार, हे शेवटी माणूसच ठरवतो. तेच नाणे वेष्टनातून काढून पुन्हा पाठवले तर गुण बदलून येऊ शकतात, हे संग्राहक उघडपणे बोलतात. बंद प्लास्टिकच्या वेष्टनात कड नीट दिसत नाही, आणि ओतीव नाणे तर कडेवरूनच पकडायचे असते. शिवाय एनजीसी आपल्या आधुनिक नाण्यांना अस्सलपणाची जी हमी देते ती प्राचीन नाण्यांना देत नाही. बनावट वाटलेले नाणे ते परत पाठवतात हे खरे, पण तो अभिप्राय झाला, हमी नव्हे. किती जणांनी ही अट वाचली आहे?

आणखी एक उदाहरण देतो. ब्रूटसने सीझरच्या हत्येनंतर पाडलेले, दोन खंजिरांचे चित्र असलेले सोन्याचे नाणे २०२० साली लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरांना गेले. ते एनजीसीने तपासलेले होते आणि नाणे अस्सलच होते. बनावट निघाली ती त्याच्या पूर्वमालकीची कागदपत्रे, आणि २०२३ मध्ये ते नाणे ग्रीसला परत करावे लागले. श्रेणीचा कागद पाहून पैसे मोजणाऱ्याला या बाबतीत त्या कागदाचा काय उपयोग झाला?

गोदातीर

आक्षेपातला पहिला भाग मला मान्य आहे, दुसरा नाही. गुण देणारा माणूसच असतो, पण छापेचे आणि पृष्ठभागाचे गुण वेगळे लिहिल्यामुळे तो नेमके कशाबद्दल बोलतो आहे, हे निदान समजते आणि त्याच्याशी भांडता येते. जुन्या याद्यांत नुसते 'व्हेरी फाइन' लिहिलेले असे आणि त्यात झीज, गंज आणि विक्रेत्याची आशा असे तिन्ही मिसळलेले असे.

पूर्वमालकीचा प्रश्न मात्र प्रतवारीच्या कक्षेतलाच नाही. नाणे कुठून आले, हे त्याच्या गालावर लिहिलेले नसते. ते कागदपत्रांवरून, जुन्या लिलावांच्या याद्यांमधल्या छायाचित्रांवरून तपासायचे असते, आणि ती जबाबदारी घेणाऱ्याची व विकणाऱ्याची आहे. कडेबद्दल सांगायचे तर अलीकडच्या वेष्टनांत नाणे बारीक दात्यांवर धरलेले असते आणि बरीचशी कड पाहता येते. हातात धरून पाहण्याची सर त्याला येत नाही, हे खरेच.

तांबट

मी धातुरसायन शिकवते, म्हणून केवळ पृष्ठभागाच्या गुणांबद्दल लिहिते. तांब्याच्या आणि कांशाच्या नाण्यांवरचा घट्ट, एकसंध हिरवा किंवा तपकिरी थर हे संरक्षण आहे आणि परीक्षक त्याला दोष मानत नाहीत. उलट तो थर खरवडून नाणे 'चकचकीत' केले तर गुण कमी होतात. फिकट हिरवी, नखाने उकरता येणारी पूड मात्र वेगळी. धातूत मातीतून शिरलेले क्लोराइड दमट हवेशी संयोग पावते, त्यातून आम्ल तयार होते आणि ते पुन्हा तांबे खाते. हे चक्र आपोआप थांबत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवली तर ते थोपवता येते, पण मुंबईच्या जुलैत ते उघड्या कपाटात शक्य नाही. हवाबंद डबी आणि वेळच्या वेळी बदललेले सिलिका जेल एवढे तरी करावे. प्रतवारीचे प्लास्टिक वेष्टन हवाबंद नसते, त्यामुळे '४/५' मिळालेल्या नाण्यावर पुढच्या पावसाळ्यात हिरवी पूड दिसू लागली तर नवल नाही.

चांदीचे दुखणे डोळ्यांना दिसत नाही. जुन्या चांदीत मिसळलेले तांबे शतकांच्या ओघात धातूच्या कणांच्या सीमांवर जमा होते, त्या सीमा कुरतडल्या जातात आणि नाणे काचेसारखे ठिसूळ बनते. म्हणूनच प्राचीन चांदीचे नाणे फरशीवर आपटून वाजवून पाहण्याची दुकानदारी सवय मला अंगावर काटा आणते. त्याचे सरळ दोन तुकडे होऊ शकतात.

सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांबद्दल एक सूचना. ओकसारख्या लाकडाच्या कपाटात ती ठेवू नयेत, कारण लाकडातून निघणाऱ्या सेंद्रिय आम्लांच्या वाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरते आणि नाण्यावरच्या हत्तीची सोंड कुठे होती तेही उरत नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांनाही तोच नियम लावावा, कारण ती तांब्यावर आणि चांदीवर हिरवा चिकट थर सोडतात.

न्यूजर्सीकर

तांबट, 'स्मूदिंग' आणि 'टूलिंग' अशा नोंदी लेबलवर येतात त्यांबद्दलही लिहाल का? रोमन कांस्य नाण्यांवर त्या वारंवार दिसतात.

तांबट

स्मूदिंग म्हणजे खडबडीत झालेला मोकळा भाग घासून सपाट करणे. टूलिंग म्हणजे बारीक छिन्नीने नवे केस, नवी अक्षरे, वस्त्राच्या नव्या चुण्या कोरणे. पहिल्यात नक्षीला धक्का लागला नसेल तर परीक्षक काही प्रमाणात चालवून घेतात, दुसऱ्यात मूळ नाणे उरतच नाही. ओळखण्याची खूण अशी, की ठशातून उठलेल्या रेषेच्या बाजूने धातू वर आलेला असतो, तर कोरलेल्या रेषेसाठी तो खणून काढलेला असतो, आणि त्या रेषेच्या तळाशी पॅटिना (वर सांगितलेला घट्ट थर) तुटलेला किंवा नंतर रंगवलेला दिसतो.

कार्षापण

आहत नाण्यांचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. तीन-सव्वातीन ग्रॅमच्या या चांदीच्या तुकड्यांवर एकच ठसा नसतो, पाच वेगवेगळी चिन्हे वेगवेगळ्या घावांनी उमटवलेली असतात, आणि ती एकमेकांवर चढतात, कडेबाहेर जातात. इथे छाप 'मध्यभागी' आहे का, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. पाचांपैकी किती चिन्हे पूर्ण ओळखता येतात, हे विचारावे. वजन जुळवण्यासाठी कोपरा छाटलेला असतो, ते नुकसान समजू नये, कारण नाणे टांकसाळीतूनच तसे बाहेर पडले. मागच्या बाजूच्या बारीक चिन्हांवरही नव्या लोकांचा रोष असतो. ती चिन्हे त्या नाण्याच्या प्रवासाचा पुरावा आहेत, आणि मी तरी त्यांच्यासाठी गुण कापणार नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. इथले काही सभासद आपली प्राचीन नाणी प्रतवारीसाठी परदेशी पाठवण्याचा विचार करत असतील, तर तसे करू नये. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही, प्रतवारी करून परत आणायचे असले तरीही. शेतात सापडलेल्या नाण्यांना १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो आणि दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. श्रेणी कळावी म्हणून एवढा धोका पत्करण्याची गरज नाही. हा धागा वाचून निम्मे काम घरी करता येते.

अश्मक

एक अडचणीचा प्रश्न. क्षत्रप राजा नहपान याच्या नाण्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उमटवली, अशी नाणी आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. अशा नाण्याची प्रतवारी कोणाच्या नावाने आणि कशी करायची? नहपानाच्या दृष्टीने पाहिले तर ते नाणे विद्रूप केलेले आहे.

गोदातीर

या प्रश्नाची वाट पाहत होतो. नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ साली जो साठा सापडला, त्यात सुमारे १३,२५० नाणी होती आणि त्यांपैकी ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचे पुनर्मुद्रण होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि राजाच्या आज्ञेने झालेल्या कामाला विद्रूपीकरण म्हणणे मला पटत नाही. ते नव्या राज्याचे चलन आहे, म्हणून नाव गौतमीपुत्राचे लावावे आणि प्रतवारीही त्याच्या छापेची करावी.

प्रत्यक्षात ते कसे दिसते ते सांगतो. एका बाजूला नहपानाच्या मुखावर तीन कमानींचा चैत्य बसलेला असतो. त्याच्या वरच्या कमानीतून राजाचे नाक आणि ओठ डोकावतात, आणि कडेला भ्रष्ट ग्रीक अक्षरांचा तुकडा उरलेला असतो. दुसऱ्या बाजूला नहपानाच्या बाण आणि वज्र यांवर उज्जैन चिन्ह (अधिकचिन्हाच्या टोकांना चार वर्तुळे) बसलेले असते आणि त्याच्या चार वर्तुळांच्या मधल्या फटींत मूळच्या ब्राह्मी किंवा खरोष्ठी लेखाची एकदोन अक्षरे सापडतात. आता नहपानाचे मुख झिजलेले दिसले, तर ती झीज दुसऱ्या छापेच्या आधीची आहे. तिच्यामुळे श्रेणी उतरवणे हा गौतमीपुत्राच्या छापेवर अन्याय होईल, म्हणून झीज मोजायची ती चैत्याच्या कमानींच्या माथ्यावर. नवा घाव पडताना खालचे उंचवटे दाबले जातात, तोही भाग झिजेत धरू नये. छापेचे गुण देताना 'रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस' या लेखातली किती अक्षरे उतरली आहेत ते पाहावे. मूळ नाण्याचे जे अवशेष दिसतात, त्यांना पृष्ठभागाच्या गुणांतून वजा करू नये. माझ्या मते ते जितके अधिक दिसतील तितके नाणे अधिक बोलके, पण पाचपैकी गुणांच्या कोणत्याही चौकटीत त्याला जागा नाही, आणि ही त्या पद्धतीची उणीवच आहे.

संशयात्मा

मग आमच्यासारख्यांनी, ज्यांना परदेशी पाठवता येत नाही आणि पाठवायचेही नाही, त्यांनी आपल्या वहीत काय लिहावे? लेबलचे अनुकरण करून स्वतःच गुण द्यावेत?

गोदातीर

गुण देऊ नयेत, वर्णन लिहावे. माझ्या वहीत प्रत्येक नाण्याला वजन शंभरांश ग्रॅमपर्यंत, व्यास, दोन्ही बाजूंच्या ठशांचा परस्पर कोन घड्याळाच्या तासांत, आणि मग झीज, छाप, पृष्ठभाग यांची तीन स्वतंत्र वाक्ये असतात. त्यात 'गाल सपाट' एवढेच न लिहिता 'गाल सपाट, चकतीचा खरबरीतपणा शिल्लक, मागे चैत्याचा माथा' असे कारणासकट लिहावे. लेख जसा दिसतो तसा उतरवावा, न दिसणारी पण निश्चित असलेली अक्षरे चौकोनी कंसात लिहावीत आणि अर्धवट दिसणाऱ्या अक्षराखाली टिंब द्यावे. वर्षाच्या अंकांनाही हाच नियम लावावा, कारण कंस न घालता लिहिलेला अंदाजाचा अंक पुढच्या माणसाच्या यादीत वाचलेला अंक म्हणून उतरतो.

अश्मक

पुनर्मुद्रित नाण्यासाठी लेखाच्या दोन ओळी ठेवतो मग, वरच्या छापेची एक आणि खालच्या छापेची एक. पुढच्या रविवारी पाच-सहा नाण्यांच्या नोंदी तिरप्या प्रकाशातल्या छायाचित्रांसह इथेच टाकतो. झीज कुठली आणि दाबलेला उंचवटा कुठला, ते सर्वांनी तपासून सांगावे.